उघडण्याची तारीख

बाहेर उणे अकरा. कॅलिस्पेलमधल्या आमच्या स्वयंपाकघरात
टेबलावर जुलै पसरलाय:
घड्यांवर विरलेला नकाशा,
एका कोपऱ्यावर मिठाची बाटली, दुसऱ्यावर आईचा चष्मा,
तिसऱ्यावर हकलबेरीच्या जॅमची बरणी.
चौथा कोपरा सारखा उठतोय.

डेल पेट्रोल मोजतो.
आधी ग्लेशियर, तिथून खाली यलोस्टोन, मग टीटन,
येताना बिटररूटच्या खोऱ्यातून घरी.
बाराशे मैल तरी धर, म्हणतो,
आणि खिडकीतून जुन्या व्हॅनकडे असं बघतो
जसं लग्नघरात आजारी पाहुण्याकडे बघतात.

आईची यादी वेगळी.
तिला दर दोन तासांनी स्वच्छ संडास हवा,
आणि मुक्कामाला अशी खोली जिथं केटल असेल.
डोंगर काय, ती म्हणते, डोंगर आहेतच की.

जूनीला, वय सहा, अस्वल हवंय.
काचेच्या पलीकडचं. पण झोपलेलं नको.
वेस हूडीत तोंड खुपसून विचारतो, तिकडे रेंज येते का.
नाही, मी सांगते,
जरा जास्तच आनंदाने.

मार्करने मी रस्ता रंगवत जाते,
लेक मॅकडोनाल्डच्या काठाने,
मग वळणावळणाने वर, लोगन पासपर्यंत.
बाबा इतका वेळ गप्प.
ताकास तूर लागू देत नाहीत.

एकतीस वर्षं हाच घाट त्यांनी उघडला.
एप्रिलपासून जून संपेपर्यंत, कधी जुलै उजाडून गेल्यावरही,
बर्फ कापणाऱ्या यंत्रात बसून,
डावीकडे भिंत,
उजवीकडे काहीच नाही.
रस्ता मोकळा झाला की दुसऱ्या दिवशी गाड्यांची रांग लागायची.
बाबा तोवर तिसऱ्याच कुठल्या रस्त्यावर
खड्ड्यांत खडी भरत असायचे.

आता ते बोट टेकवतात मार्करच्या ओल्या रेघेवर.
इथं तीस फूट.
इथं रेडिओ बंद पडतो.
इथं हार्लनचं यंत्र घसरलं, हार्लनने उडी मारली,
थर्मास गेला. चांगला थर्मास होता.
बोट पुढे सरकतं, पिवळं होत होत.
आम्हाला तो रस्ता नावांनी ठाऊक,
त्यांना खोलीने.

"आणि खाली काय आहे, आजोबा?"
"कशाच्या खाली?"
"बर्फाच्या."
ते विचार करतात. खरोखर करतात.
"डांबर."
मग बऱ्याच वेळाने, आईकडे न बघता,
"वर माळावर फुलं असतात म्हणे."

म्हणे.

डेलने पेट्रोलचा कागद पालथा घातला.
आईने चष्मा उचलला,
नकाशाचा तोही कोपरा उठला.
फ्रिज तेवढा बोलत होता.

तारीख अजून ठरलेली नाही.
घाट कधी उघडेल ते कुणीच सांगत नाही,
हिवाळा संपला हे बर्फालाही उशिरा कळतं.
यंत्रावर आता टोबिन नावाचा पोरगा आहे.
बाबा त्याला दर रविवारी फोन करतात,
घाई करू नकोस म्हणून सांगतात,
आणि फोन ठेवल्यावर
मे महिन्याच्या पानावर उगाच एक टिंब काढतात.

मी विचारते, घाटात गाडी कोण चालवणार?
सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात.
"मी नाही," बाबा म्हणतात. "मी मागे बसणार.
उजवीकडे. खिडकीशी."
ती जागा माझी आहे, वेस म्हणतो.
मग हूडी मागे सारतो.
"जाताना तुम्ही. येताना मी."

यादीत सगळ्यात वर मी लिहिते:
मागची उजवी खिडकी, बाबा.
त्याच्याखाली:
काच आतूनही पुसून घेणे.